जिल्ह्याहून जुनी जीप

हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी. त्याआधी इथल्या लोकांनी घेतलेल्या गाड्यांची नोंद परभणीच्या आरटीओत झाली, म्हणून त्यांच्या पाटीवर एमएच २२ आहे. हिंगोलीचा एमएच ३८ पुढे आला. सेनगाव, कळमनुरी, औंढा नागनाथ, वसमत, कुठल्याही बाजूला जा, २२ नंबरची एखादी महिंद्राची जीप हळदीची पोती, स्प्रिंकलरचे पाइप नाहीतर सोयाबीनचं बियाणं घेऊन पांदण रस्त्याने जाताना अजून दिसते. पंचवीस-तीस वर्षांची ही गाडी घरच्या घरी धडधाकट ठेवता येते, असं माझं ठाम मत आहे. त्यासाठी ती आपल्याकडे कशाने मरते हे आधी समजून घ्यावं लागतं. इंजिनाने ती क्वचित मरते. काळ्या मातीतलं पाणी तिच्या ॲक्सलमध्ये, बेअरिंगांमध्ये, ब्रेकच्या ड्रममध्ये आणि चेसीच्या पोकळीत शिरतं, आणि मालक इंजिनाच्या आवाजावर समाधानी राहतो.

या गाड्यांचं कूळ थोडक्यात सांगतो, कारण दुरुस्तीशी त्याचा थेट संबंध आहे. दुसऱ्या महायुद्धात नावाजलेली अमेरिकेची विलीज जीप १९४०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला सुट्या भागांतून जोडली जाऊ लागली आणि पुढे महिंद्राने ती इथेच बनवायला घेतली. उंच बॉनेटची सीजे-३बी जुन्या लोकांच्या डोळ्यांसमोर असेल. तिच्या 'हरिकेन' पेट्रोल इंजिनाचे इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये होते; त्यामुळे इंजिन उंच झालं आणि त्याच्यामागे बॉनेटही उंचावलं. अमेरिकेत हे मॉडेल १९५३ साली आलं आणि १९६८ला थांबलं. आपल्याकडे त्याचा साचा त्यानंतरही बरीच वर्षं चालू राहिला. मग डिझेलचा जमाना आला. फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या परवान्याने बनलेलं २११२ सीसीचं इंजिन एमएम ५४० जीपमध्ये बसलं, आणि नंतर २५२३ सीसीचं डायरेक्ट इंजेक्शन इंजिन कमांडरमध्ये आणि २००० साली आलेल्या बोलेरोमध्ये. बजाज टेम्पोच्या ट्रॅक्सचं इंजिन मर्सिडीजच्या रचनेवर बेतलेलं होतं. एसटी जिथे पोचत नव्हती तिथे या कमांडर आणि ट्रॅक्स काळी-पिवळी होऊन माणसं पोचवत होत्या. बाजाराच्या दिवशी दारांना लटकलेली माणसं ज्याने पाहिली आहेत, त्याला या गाड्यांचे पाटे काय सोसतात हे वेगळं सांगायला नको.

अमेरिकेची चेसी आणि फ्रान्सचं इंजिन, या लग्नामुळे एक अडचण पान्यांच्या डब्यात येऊन बसली. अमेरिकेच्या रचनेतले बोल्ट इंचात, प्यूजो इंजिनाचे मिलिमीटरमध्ये. म्हणजे जुन्या जीपला दोन्ही मापांचे पाने लागतात. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्यावर १३चा पाना बसतो, पण ०.३ मिलिमीटर ढिला. गंज चढलेल्या बोल्टवर जोर लावला की तेवढ्या ढिलाईत कोपरे गोल होतात आणि पाच मिनिटांचं काम छिन्नी-हातोड्यावर जातं. ९/१६ इंच म्हणजे १४.२९: त्यावर १४चा चढत नाही आणि १५चा घसरतो. ५/८वर १६चा जवळपास बरोबर येतो. ३/४ इंच म्हणजे १९.०५; तिथे १९चा पाना कधी घट्ट बसतो, कधी चढतच नाही. घरी दुरुस्ती सुरू करणाऱ्याने पहिला खर्च इंचाच्या चांगल्या रिंग पान्यांवर आणि सॉकेटवर करावा. डबल पाना फक्त दोन बाजूंनी पकडतो, रिंग पाना बोल्टच्या सगळ्या कोपऱ्यांना धरतो. गंजलेल्या बोल्टवर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल टाकून ठेवायचं आणि सोडवताना आधी किंचित आवळून मग उलटं फिरवायचं, एवढ्यानेही निम्मे बोल्ट वाचतात.

आता मातीकडे येतो. आपल्या काळ्या रेगूर जमिनीत माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. त्याचे पापुद्रे पाणी धरून फुगतात आणि वाळताना आवळतात. म्हणूनच उन्हाळ्यात शेताला भेगा पडतात आणि पहिल्या पावसानंतर चाकाला माती इतकी चिकटते की मडगार्ड भरून चाक अडतं. ही माती चेसीच्या कोपऱ्यांत, स्प्रिंगच्या शॅकलभोवती आणि फ्लोअरच्या खालच्या पट्ट्यांवर बसली की आठवडा-आठवडा ओल सोडत नाही. वरून वाळलेली दिसते, पत्र्याला टेकलेली बाजू ओलीच असते, आणि पत्रा तिथूनच सडतो. म्हणून चिखलातून आलेली गाडी त्याच दिवशी, माती ओली असतानाच खालून धुवावी. वाळल्यावर तीच माती खरवडून काढावी लागते आणि तिच्याबरोबर रंगही निघतो. चेसीच्या पोकळ भागांना पाणी निचरायला खाली भोकं असतात, ती बहुतेक गाड्यांत मातीने बुजलेली असतात. तारेने मोकळी करून आत पाइप धरला की वर्षांची माती बाहेर येते. हे काम फुकटचं आहे आणि माझ्या मते जुन्या जीपचं आयुष्य याच्याइतकं दुसऱ्या कशाने वाढत नाही.

ॲक्सलचं प्रकरण मात्र बारकाईने समजून घेण्यासारखं आहे. मागच्या ॲक्सलच्या मधल्या गोळ्यात डिफरन्शियलचे दाते तेलात फिरतात. रस्त्यावर तास-दीड तास चाललेल्या गाडीत ते तेल आणि वरची हवा तापलेली असते. अशी गाडी कयाधू नदीच्या किंवा एखाद्या ओढ्याच्या पाण्यात उतरवली की हाउसिंग झपाट्याने गार होतं. आतली हवा ७० अंशांवरून ३० अंशांवर आली तर तिचा दाब सुमारे १२ टक्क्यांनी उतरतो. हा फरक एक मीटरभर पाण्याच्या उंचीएवढ्या दाबाचा आहे. आत पडलेली ही पोकळी भरून काढायला बाहेरून काहीतरी येणारच. ते यावं कुठून, यासाठी हाउसिंगवर एक छोटा ब्रीदर बसवलेला असतो. तो मोकळा असेल आणि पाण्याच्या वर असेल तर हवा येते, पाण्याखाली असेल तर पाणी. आणि तो मातीने बुजलेला असेल तर ॲक्सलच्या टोकांच्या ऑइल सीलमधून पाणी ओढलं जातं, कारण त्या सीलचा ओठ आतलं तेल अडवण्यासाठी असतो, बाहेरचं पाणी अडवण्यासाठी नव्हे. बुजलेला ब्रीदर उलट्या दिशेनेही छळतो. गाडी तापली की आतला दाब वाढतो, तेल सीलमधून बाहेर पडून ब्रेकच्या लायनरवर जातं आणि एका बाजूचा ब्रेक लागेनासा होतो. मेस्त्री सील बदलून देतो, दोन महिन्यांत ते पुन्हा गळतं, आणि सगळे सीलच्या कंपनीला दोष देतात. ब्रीदरकडे कोणी बघत नाही.

उपाय सोपा आहे. ब्रीदर काढून डिझेलने धुवायचा, आणि शक्य असेल तर त्याच्या जागी नळी जोडून ती चेसीच्या वर, बॉडीच्या आडोशाला नेऊन बांधायची. तेलात पाणी गेलंय का हे बघायला गाडी रात्रभर हलवायची नाही. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी बसतं. सकाळी ड्रेन प्लग थोडा सैल केला की आधी पाणी ठिबकतं. तेलाचा रंग दुधाच्या चहासारखा झाला असेल तर बघत बसू नका, सगळं बदला. यात एक शिस्त पाळा: खालचा ड्रेन प्लग सोडण्याआधी वरचा भरायचा प्लग सुटतो की नाही ते तपासा. वरचा प्लग गंजून बसलेला असला आणि खालून तेल सोडून दिलं तर गाडी अंगणातच अडकते. डिफरन्शियलला जीएल-५ प्रतीचं ९० नंबरचं गिअर ऑइल लागतं, कारण त्याच्या हायपॉइड दात्यांवर घसटून येणारा दाब प्रचंड असतो. गिअरबॉक्समध्ये मात्र जुन्या पितळी सिंक्रोनायझर रिंगा असतील तर जीएल-४ वापरावं. जीएल-५मधली गंधक-फॉस्फरसची काही रसायनं पितळ खातात. दोन्हीकडे एकच डबा ओतायची पद्धत सर्रास आहे आणि ती चुकीची आहे.

ग्रीसचं महत्त्व सगळ्यांना माहीत आहे, मारण्याची रीत कमी जणांना. निपलवर बसलेली धूळ फडक्याने पुसल्याशिवाय ग्रीस गन लावली तर ती धूळ आपणच आत ढकलतो. धूळ आणि ग्रीस मिळून घासण्याची पेस्ट तयार होते. स्प्रिंगचे शॅकल, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, स्टिअरिंगचे सांधे यांत जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन मागून नवं स्वच्छ ग्रीस दिसेपर्यंत गन मारायची. पावसाळ्यात दर पंधरवड्याला, आणि पाण्यात गाडी बुडाली असेल तर त्याच दिवशी. नव्या ग्रीसने आतलं पाणी हुसकलं जातं.

ब्रेकबद्दल मी जरा कडक आहे. जुन्या जीपच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात आणि फार जुन्या गाड्यांत मास्टर सिलिंडर एकाच सर्किटचा. म्हणजे एक रबरी होज फुटला की चारही चाकांचा ब्रेक गेला. होजवर भेगा दिसल्या, दाबल्यावर तो फुगला, चाकाच्या आतल्या बाजूला ओलसर डाग दिसला, तर ती गाडी त्या क्षणी थांबवावी. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट-३ प्रतीचं ताजं ऑइल २०५ अंशांच्या खाली उकळत नाही. ओल शोषलेल्या ऑइलची मर्यादा १४० अंशांवर येते. औंढ्याच्या बाजूच्या उतारांवर भरलेली गाडी ब्रेक दाबून उतरवताना ऑइलची वाफ झाली तर पेडल थेट तळाला जातं, कारण वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही. दोन वर्षांनी ऑइल बदलण्याचा खर्च किरकोळ आहे. ड्रम उघडल्यावर आतली माती आणि भुकटी कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं आणि ती भुकटी फुप्फुसात कायमची बसते. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं टाकून द्या.

गाडीखाली जाण्याचा नियमही इथेच सांगतो. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कोणीही जाऊ नये, दोन मिनिटांसाठीसुद्धा नाही. शेतात जॅक लावायचा तर खाली रुंद फळी हवी. जॅकचा तळ दहा बाय दहा सेंटिमीटर असेल आणि त्यावर ५०० किलो भार असेल, तर दर चौरस सेंटिमीटरला ५ किलो दाब पडतो आणि ओली काळी जमीन तो झेलू शकत नाही. चाळीस बाय चाळीसची जाड फळी घातली की हाच दाब सोळा पटींनी कमी होतो. गाडी उचलल्यावर चेसीखाली लोखंडी स्टँड किंवा भक्कम लाकडाचे ठोकळे लावून, उरलेल्या चाकांना दगडांचा अडसर देऊन मगच खाली शिरायचं.

डिझेल इंजिनाची घरी करण्यासारखी मोठी दुरुस्ती म्हणजे हवा काढणं. टाकी रिकामी होईपर्यंत गाडी चालवली, फिल्टर बदलला किंवा एखादा पाइप तडकला की डिझेलच्या लाइनमध्ये हवा धरते. डिझेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. त्यामुळे पंपाने कितीही जोर केला तरी नोझल उघडण्याइतका दाब तयार होत नाही आणि सेल्फ नुसता फिरत राहतो. अशा वेळी बॅटरी संपेपर्यंत सेल्फ मारणं व्यर्थ आहे. फिल्टरवरचा हवा काढायचा स्क्रू सैल करायचा, हातपंप मारत राहायचं, फेसाळ डिझेल येणं थांबून बुडबुड्यांविना धार आली की पंप मारता मारताच स्क्रू आवळायचा. मग इंजेक्शन पंपावरचा स्क्रू असेल तर तिथे तेच. एवढ्याने गाडी चालू झाली नाही तर नोझलकडच्या पाइपांचे नट थोडे सैल करून सेल्फ मारायचा, डिझेल झिरपलं की नट आवळायचे. त्या वेळी हात आणि चेहरा लांब ठेवा. नोझलमधून डिझेल वातावरणाच्या दाबाच्या शंभरपटीहून अधिक दाबाने सुटतं. ती बारीक धार कातडी भेदून आत जाते. जखम टाचणीएवढी दिसते, पण बोट किंवा हात गमावण्याची वेळ येऊ शकते. असं झालं तर घरी मलम न लावता तडक मोठ्या दवाखान्यात जावं. फिल्टरच्या तळाचं पाणी सोडणं हे त्याहून सोपं काम. अर्ध्या भरलेल्या टाकीत रात्रीच्या गारव्याने हवेतली वाफ पाणी होऊन डिझेलखाली बसते, आणि तेच पाणी पुढे पंप आणि नोझल गंजवतं.

सकाळी गाडी चालू न होण्याचं कारण इंजिनानुसार वेगळं असतं. प्यूजोच्या २११२ सीसी इंजिनात डिझेल आधी छोट्या कप्प्यात पेटतं, म्हणून थंडीत त्याला हीटर प्लग लागतात. चारांतले दोन प्लग गेले तरी डिसेंबरमध्ये ते पांढरा धूर काढत रडतं. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये डिझेल थेट पिस्टनवरच्या वाटीत पेटतं, तिथे उष्णता कमी वाया जाते आणि गाडी सहज चालू होते. एमएम ५४०च्या मालकाने इंजिन उघडायचा विचार करण्याआधी शंभर-दोनशे रुपयांच्या मल्टिमीटरने प्लग तपासावेत. तोच मल्टिमीटर बॅटरीसाठीही कामाला येतो: रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे जवळपास निम्मी, आणि इंजिन चालू असताना १४च्या आसपास आकडा आला तर चार्जिंग ठीक.

रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओतू नका, ही माझी हात जोडून विनंती आहे. आपलं भूजल बेसाल्टच्या खडकातून येतं, बऱ्याच ठिकाणी ते जड असतं आणि तापल्यावर त्यातला चुना नळ्यांच्या आत थर धरतो. उन्हाळ्यात गाडी तापते, मालक थर्मोस्टॅट काढून टाकतो, तरी ती तापते, आणि शेवटी हेड वाकतं. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं निम्मं भरावं. त्याने उत्कलनबिंदू वाढतो आणि आतला गंजही थांबतो. थर्मोस्टॅट काढल्याने इंजिन थंडच चालत राहतं, डिझेल जास्त पितं आणि लायनर लवकर झिजतात. तो जागेवर असू द्या.

ज्यांच्या जीपला फोर-व्हील आहे त्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. या गाड्यांत पुढचा आणि मागचा ॲक्सल ट्रान्सफर केसमधून एकमेकांना घट्ट जोडले जातात, मध्ये डिफरन्शियल नसतं. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठा वळसा घेतात, म्हणजे त्यांना जास्त फिरायचं असतं. चिखलात चाक थोडं घसरून हा फरक मोकळा होतो. डांबरी रस्त्यावर तो मोकळा व्हायला जागा नसते. ताण शाफ्टमध्ये आणि दात्यांमध्ये साठतो, स्टिअरिंग जड होतं आणि लिव्हर अडकून बसतो. तसं झालंच तर गाडी सरळ थोडी मागे घ्यावी, ताण सुटतो. पांदण संपून डांबर लागलं की फोर-व्हील काढलीच पाहिजे. आणि ती महिन्यातून एकदा तरी मातीच्या वाटेवर लावून चालवावी.

पाट्यांचं काम घरी करावं की नाही यावर मतभेद आहेत. मी करू नये म्हणतो. यू-बोल्ट आवळणं आपलं. तुटलेला मुख्य पाटा बदलणं पाटेवाल्याचं, कारण दाबून बसवलेला पाटा सुटला तर माणूस जायबंदी होतो. गाडी एका बाजूला ओढत असेल तर मागचा सेंटर बोल्ट तुटून ॲक्सल सरकला नाही ना ते आधी बघा. इंजेक्शन पंप, चेसीचं वेल्डिंग, स्टिअरिंग बॉक्स आणि ब्रेकचे धातूचे पाइप हेही जाणकाराच्या हातात द्यावं. पंपाचं कॅलिब्रेशन बेंचशिवाय होत नाही, आणि बाकीच्या तिन्हींत चूक झाली तर किंमत दुसऱ्याच्या जिवाने मोजली जाते.

कायद्याची बाजूही आहे. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि पुढे पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. दुसरं इंजिन बसवलं तर आरसी बुकात नोंद हवीच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९च्या निकालात तेच बजावलं. मोठे टायर, कापलेली चेसी, हौसेची जीप दिसायला छान वाटते. तिला अपघात झाला की विम्याचे पैसे अडतात.

या गाड्यांच्या सेटिंगचं ज्ञान पुस्तकांत कमी आणि माणसांकडे जास्त आहे. आपल्या तालुक्याच्या गावी ज्यांनी कमांडर आणि ट्रॅक्सचे टॅपेट वीस-तीस वर्षं सेट केले, ते फिटर आता थकले आहेत, आणि त्यांचे शागीर्द संगणकावर चालणाऱ्या नव्या गाड्यांकडे वळले आहेत. आयटीआयमध्ये मेकॅनिक डिझेलचा एक वर्षाचा ट्रेड शिकणाऱ्या मुलांनी अशा एखाद्या फिटरकडे सुट्टीत जाऊन बसावं, आणि जीपच्या मालकांनी एक वही घालावी: कुठल्या तारखेला, किती किलोमीटरवर, कुठलं तेल, कुठलं बेअरिंग, कुठल्या नंबरचं सील. ती वही मराठीत लिहा आणि गाडी विकली तर गाडीबरोबर द्या. आणि यंदा पेरणीची घाई सुरू होण्याआधी, मे महिन्यातल्या एखाद्या सकाळी, मागच्या ॲक्सलचा ब्रीदर काढून बघा.